गप्प बसलेली टिटवी

मुलांनो, एका वाढत्या शहराच्या कडेला एक मुरमाड माळ होता आणि त्या माळावर एक टिटवी राहत असे. टिटवी तुम्ही पाहिली असेल. पाय पिवळे, पाठ मातीच्या रंगाची, डोळ्यांपुढे लाल कातडीचा तुकडा, आणि आवाज असा की गाढ झोपलेला माणूसही दचकून उठावा. ती झाडावर बसत नाही. घरटे म्हणावे असे काही बांधतही नाही. मुरमात चार खडे इकडे-तिकडे सारते आणि तिथेच अंडी घालते. अंडी खड्यांसारखी, आणि अंड्यांतून निघणारी पिल्लेही खड्यांसारखीच. पायाशी आली तरी दिसायची नाहीत.

अशी उघड्यावरची लेकरे जगतात कशी? तर टिटवीच्या घराण्यात एक रीत आहे. टिटवी पिल्लांपासून लांब, एखाद्या उंचवट्यावर उभी राहून पहारा करते. कोल्हा दिसला, घार दिसली, की तिथूनच ओरडते. हाक कानी पडली की पिल्लांनी असतील तिथे जमिनीला पोट लावून निजायचे. हलायचे नाही, चोच उघडायची नाही. कोल्हा आवाजाच्या रोखाने धावतो, टिटवी त्याला झुलवत झुलवत आणखी लांब नेते, आणि पिल्ले मागे सुखरूप राहतात. या रीतीतली मेख एवढीच, की हाक मारायची ती लांबून. पिल्लांजवळ उभे राहून टिटवीने कधी ओरडू नये.

या टिटवीची आजी तशीच वागली, आई तशीच वागली. माळावरचे ससे आणि चंडोलही त्या हाकेवर विसंबून असत. "टिटवी गप्प आहे ना? मग चरा निवांत," असे ससे आपल्या पोरांना सांगत. टिटवीला याचा मनातून अभिमान होता. का नसावा? माळाची जागल ती करत होती.

त्या वर्षी माळाच्या कडेला माणसांनी लांबलचक भिंत घातली. भिंतीच्या आत हिरवळ लावली, उंच खांब उभे केले, मांडव घातला. टिटवीने अंडी घातली तेव्हा तिथे सामसूम होती. पिल्ले बाहेर पडली आणि लग्नसराई सुरू झाली. लग्ने लागावीत, मुलांनो, त्यात वाईट काहीच नाही. पण सूर्य मावळायच्या आत खांबांवरचे दिवे लागत, ते उजाडेपर्यंत विझत नसत. आणि भोंगे सुरू झाले की माळावरचे बारके खडेसुद्धा थरथरत.

पिल्लांना रात्र म्हणजे काय ते कळलेच नाही. उजेड दिसतो आहे म्हणून ती सारी रात्र दुडुदुडु फिरत आणि दिवसा उभ्या उभ्या डुलक्या घेत. माळावरचे किडे दिव्यांकडे उडून जात आणि खांबांखाली मरून पडत, त्यामुळे पिल्लांच्या चोचीला काही लागत नसे.

"अहो, पोरं वाळत चालली," टिटवी टिटव्याला म्हणे.

"चार दिवसांची लग्नसराई आहे, जाईल निघून," टिटवा म्हणे. टिटवा मनाने चांगला होता, पण त्याला घाई कसलीच नसे.

एका संध्याकाळी टिटवी नेहमीच्या उंचवट्यावर उभी होती. बाभळीखालून कोल्हा येताना तिला दिसला. तिने हाक दिली. त्याच वेळी भिंतीआड भोंगे कडाडले. ती पुन्हा ओरडली, पुन्हा पुन्हा ओरडली. चोच उघडत होती, मिटत होती, पण तिचा आवाज तिच्या स्वतःच्या कानांपर्यंतही येत नव्हता. खाली चारही पिल्ले आपली खडे टोचत होती. कोल्हा आला आणि एक पिल्लू घेऊन गेला. बाकीच्या तिघांना ते कळलेही नाही. बराच वेळ ती तिघे चौथ्याला शोधत राहिली.

दुसऱ्या दिवशी टिटवी माळावर डोके खाली घालून उभी होती. भिंतीवर कावळा बसला होता. पूर्वी हा कावळा काटकुळा होता. आता लग्नांचे उष्टे खाऊन खाऊन त्याची मान दिसेनाशी झाली होती.

"काय टिटवीबाई, घसा बसला वाटतं?" कावळा म्हणाला.

"घसा नाही बसला, कावळेदादा. माझी हाकच कुणाला ऐकू जात नाही. काल माझं पिल्लू गेलं."

कावळ्याला थोडे वाईट वाटले. पण त्याच्या चोचीत जिलबी होती, आणि तोंडात गोड असले की दुसऱ्याचे दुःख फार वेळ टिकत नाही. जिलबी गिळून तो म्हणाला, "हे बघ, गाव मोठं झालं की आपण आवाज मोठा करावा. मीसुद्धा पूर्वी साधा काव काव करायचो, आता कसा मांडव दणाणून सोडतो! आभाळ पडू नये म्हणून पाय वर करून झोपणारी जात तुमची. एवढं आभाळ तोलता, आणि एक भोंगा तोलवत नाही होय?"

टिटवीला तो टोमणा लागला. आणि तिला वाटले, कावळा म्हणतो त्यात तथ्य आहे. लांबून ऐकू जात नाही ना? मग जवळून ओरडायचे, आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचे.

"अगं, रीत मोडतेस," टिटवा चाचरत म्हणाला.

"रीत पाळली आणि पोर गेलं," टिटवी म्हणाली.

त्या संध्याकाळपासून टिटवी पिल्लांच्या जवळ उभी राहू लागली. भोंगे सुरू झाले. कोल्हा दिसला. टिटवी पिल्लांच्या कानाशी ओरडली, आणि पिल्ले लगेच निजली. तिला क्षणभर हायसे वाटले. पण कोल्हा इकडे-तिकडे न बघता, नाक वर न करता, थेट तिच्याकडेच धावत आला. तिच्याकडे म्हणजे पिल्लांकडेच! टिटवी त्याच्या तोंडावर झेपावली, टिटव्याने वरून येऊन त्याच्या डोक्यावर टोच मारली, आणि तेवढ्यात तिन्ही पिल्ले कशीबशी काटेरी झुडपात शिरली. धाकट्याचा पाय तेवढा दुखावला.

कोल्ह्याने डोके खाजवले. तो काही रागावला नाही. झुडपापासून थोड्या अंतरावर बसून म्हणाला, "टिटवीबाई, खरं सांगू? तुमचे उपकार आहेत माझ्यावर. तुमच्या आजीनं, आईनं मला नि माझ्या बापाला लांब लांब पळवून आमचे पाय झिजवले. पिल्लं एकीकडे, ओरडणं भलतीकडे! आता तुम्ही ओरडलात की मी समजतो, पान वाढलंय. असंच ओरडत राहा. मी उद्या येतो."

आणि जिभल्या चाटत तो निघून गेला.

टिटवीला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. ती झुडपापाशी बसून राहिली. लांबून ओरडावे तर पिल्लांना ऐकू जात नाही. जवळून ओरडावे तर कोल्ह्याला पत्ता लागतो. आपल्यापाशी एवढी एक हाक, आणि तीच आपल्या लेकरांवर उलटली! ती रडली नाही. तिने भिंतीकडे पाहिले. भोंगे तसेच कडाडत होते. तेव्हा तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. आपला घसा बसेल. भोंग्याला घसाच नाही, तो बसायचा कसा? त्याच्याशी ओरडण्यात पैज लावली तर हरणार आपणच.

उजाडल्यावर ती टिटव्याला म्हणाली, "अहो, आपण इथून जायचं."

"कुठं?"

"भिंत संपली की टेकाड लागतं. टेकाडापलीकडे ओढा आहे. तिथं दिवा पोचत नाही आणि भोंगाही पोचत नाही."

"पोरांना पंख फुटू देत. मग जाऊ उडत."

"पंख फुटायला आधी पोरं उरायला हवीत. चालत जायचं."

टिटव्याने लांबवर पसरलेल्या भिंतीकडे पाहिले. "बरं बाई. मग पहाटे निघू. मांडव झोपलेला असतो, सगळं शांत असतं."

"शांत असतं तेव्हा कोल्ह्याचे कान शाबूत असतात," टिटवी म्हणाली. "पोरांच्या पायांखाली खडा वाजला तरी तो येईल. आपण वरात येते तेव्हा निघायचं. आणि माळावरून नाही, भिंतीच्या अगदी पायथ्यानं."

"वेड लागलं का तुला? ज्या गोंगाटानं पोर नेलं, त्याच्याच तोंडात शिरायचं?"

"ऐका तरी. गोंगाटात आपल्याला ऐकू येत नाही, तसे पोरांच्या पायांचे आवाज त्यालाही येत नाहीत. फटाक्यांच्या धुरात त्याचं नाक चालत नाही. दिवे सगळ्या माळावर पडतात, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसा त्या भिंतीच्या पायथ्याशी अंधार आहे. या सगळ्यात कोल्ह्याला आपला माग लागतो तो कशावरून? माझ्या ओरडण्यावरून. मी ओरडणारच नाही."

टिटवा एवढ्या दुःखातही हसला. "तू? आणि गप्प? अगं, वाळलेलं पान हललं तरी तू माळ डोक्यावर घेतेस."

"हो. मी. आणि गप्प," टिटवी म्हणाली. तिच्या डोळ्यांत असे काही होते की टिटव्याने हसणे आवरले.

त्याच दिवशी तिने पिल्लांची शिकवणी सुरू केली. टिटवीच्या पंखाला एक पांढरा पट्टा असतो. पंख मिटला की तो झाकला जातो, पंख उघडला की लख्ख दिसतो.

"आता कानांवर भरवसा ठेवायचा नाही," ती म्हणाली. "डोळे माझ्यावर ठेवायचे. पट्टा दिसला की जागच्या जागी निजायचं. मी पाऊल टाकलं की उठायचं आणि मागे यायचं. मी बसून राहिले तर कितीही वेळ निजून राहायचं."

धाकटे पिल्लू विचारात पडले. "आई, पण तू ओरडली नाहीस तर आम्हाला भीती कशी वाटणार?"

"भीती वाटायला नकोच. नुसतं निजायचं."

दोघांना ते लवकर जमले. धाकटे मात्र निजले की लगेच मान वर करून विचारी, "उठू का? उठू का?" टिटवी चोचीने हळूच त्याचे डोके खाली दाबी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. रागावली नाही, कंटाळलीही नाही.

भिंतीवरून कावळा हे सारे बघत होता. "वा! नाच शिकवताय वाटतं पोरांना? वरातीत नाचायला?"

"हो, कावळेदादा. वरातीतच नाचायचं आहे," टिटवी म्हणाली आणि तिने पुन्हा पंख उघडला.

पिल्लांपेक्षा अवघड शिकवणी तिची स्वतःची होती. दुपारी आभाळात घार दिसली आणि तिची चोच आपोआप उघडली. तिने ती मिटली. मुंगूस आडवे गेले, पुन्हा चोच उघडली. हाक अर्धी बाहेर पडली. "जमायचं नाही तुला," टिटवा म्हणाला. ती मुंगूस परत येण्याची वाट बघत बसली. ते परत आले तेव्हा तिने चोच मिटून धरली, आणि ते दिसेनासे होईपर्यंत उघडली नाही.

निघण्याआधी ती सशाकडे गेली. "दादा, मी माळ सोडते आहे. माझ्या हाकेवर विसंबून राहू नका. तशीही ती आता तुमच्यापर्यंत पोचत नाही."

सशाने कान हलवले. "एवढे लांब कान दिले देवानं, आणि त्यात आता नुसता बँड वाजतो," तो म्हणाला. "तू नीट पोचलीस तर आम्हीही येऊ, ताई. तू नीट पोच."

तिन्हीसांजेला वरात आली. पुढे बँड, मागे भोंग्यांची गाडी, आणि त्या दोहोंच्या मध्ये फटाक्यांच्या माळा. खांबांवरच्या लागलेल्या दिव्यांनी माळ पांढराफटक पडला होता. भिंतीच्या पायथ्याला तेवढी एक काळी पट्टी उरली. त्या पट्टीत पुढे टिटवी, मध्ये तीन पिल्ले, मागे टिटवा, अशी ही छोटीशी वरात निघाली.

पिल्लांच्या पायांखालची जमीन धडधडत होती. धुराने डोळे चुरचुरत होते. धाकटे लंगडत होते; दोनदा कोलमडले, दोनदा टिटव्याने त्याला चोचीने सावरले. पण कुणाचे डोळे आईवरून हलले नाहीत. निम्मी भिंत मागे पडली. पुढे उष्ट्या पत्रावळींचा ढीग होता. टिटवी तो टाळून कडेने निघाली, आणि ढिगामागून कोल्हा बाहेर आला.

टिटवीने पंख उघडला आणि मिटला. पांढरा पट्टा एकदाच चमकला. तिन्ही पिल्ले खड्यांत खडे झाली. टिटवा जागीच दबला. टिटवीही हळूच खाली बसली.

खरी कसोटी आता होती, मुलांनो. कोल्हा समोर आहे आणि टिटवी ओरडली नाही, असे त्या माळावर कधी घडलेच नव्हते. तिच्या गळ्यात हाक दाटून आली. छाती फुगली. आजी, पणजी, खापरपणजी, सगळ्या जणू तिच्या गळ्यात येऊन एकदम ओरडू लागल्या होत्या. ओरड! ओरड! लेकरांवर कोल्हा आलाय! तिने चोच मिटून धरली. तिला आपले गेलेले पिल्लू आठवले. तिने चोच आणखी घट्ट मिटली.

कोल्हा थांबला. त्याने कान टवकारले. एक कान माळाकडे वळवला, एक भिंतीकडे. भोंग्यांशिवाय काही नाही. त्याने नाक वर केले. धुराशिवाय काही नाही. पुढे आला, एका पत्रावळीवरचा पाक चाटला. त्याचा मागचा पाय धाकट्याच्या डोक्यापासून वीतभरावर पडला होता. शेपूट हलली की तिचे केस पिल्लाच्या पाठीवरून फिरत. धाकटे हलले नाही. मान वर केली नाही. त्याचा एक बारका डोळा तेवढा आईवर खिळलेला होता. "उठू का?" असे तो डोळा विचारत नव्हता. तो नुसता बघत होता.

"आज टिटवी ओरडली कशी नाही अजून?" कोल्हा स्वतःशी म्हणाला. "मला बघून गप्प बसेल अशी टिटवी काही जन्मली नाही. म्हणजे ती इथं नाही. असेल तिकडे माळावर."

एवढ्यात भिंतीआड मोठा फटाका फुटला. कोल्हा दचकला, शेपूट पायांत घालून माळाकडे पळाला, आणि टिटवीच्या जुन्या उंचवट्यासमोर जाऊन बसला. बिचारा हाकेची वाट बघत होता.

टिटवीने लगेच पाऊल टाकले नाही. कोल्हा पुरता लांब गेल्याची खात्री केली, मगच ती उठली. तिने एक पाऊल टाकले. मुरमातून तीन खडे उठले आणि तिच्या मागे चालू लागले.

भिंत संपली. टेकाड लागले. धाकट्याला चढ चढवेना, तेव्हा टिटवी त्याच्या पायाने चालू लागली, म्हणजे ते एक पाऊल टाकी तेव्हा ही एक टाकी. टेकाडाच्या माथ्यावर पोचेपर्यंत बँड ऐकू येईनासा झाला. उतरणीला लागल्यावर भोंगेही विरत गेले. ओढ्याच्या काठी आल्यावर पाण्याचा आवाज आला, आणि टेकाडाने दिव्यांचा उजेडही अडवला.

धाकटे पिल्लू दचकून थांबले. "आई, दिवे कुठे गेले?"

"मागे राहिले."

"मग हे सगळीकडे काय आहे?"

"अंधार."

पिल्लू घाईघाईने तिच्या पंखाखाली शिरले. "तो चावतो का?"

"नाही रे बाळा," टिटवी म्हणाली. "तो झाकतो. जसा आईचा पंख झाकतो, तसा."

दुसरी दोघेही पंखाखाली आली. जन्मल्यापासून पहिल्यांदा ती तिघे रात्रीची झोपली, आणि अशी झोपली की त्यांचे श्वाससुद्धा टिटवीला ऐकू येऊ लागले.

टिटवा शेजारी येऊन बसला. बराच वेळ तो पाण्याचा आवाज ऐकत होता. मग कौतुकाने म्हणाला, "जिंकलीस बाई. आता इथं कसली अडचण नाही. घे, ओरडून घे हवं तेवढं."

"आता नको," टिटवी हळूच म्हणाली. "पोरं झोपलीत."

तात्पर्य : गोंगाटावर आवाज चढवून नव्हे, तर निश्चयाने मन आवरून संकटातून वाट काढता येते, आणि आपल्या आनंदापायी दुसऱ्याची हाक आणि दुसऱ्याची झोप बुडत नाही ना, एवढे जो पाहतो तोच खरा शहाणा.